काच उचलताना काय म्हणायचं

मुकादमाच्या जिभेवर ‘ना’ कधी येऊन बसला ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. चला ना, धरा ना, अरे दात काय काढताय, उचला ना. काचेच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली जी माणसं होती ती आपापला मुलूख आणि आपापली भाषा पाठीवर बांधून आलेली. मुकादमाची भाषा त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती, अपवाद फक्त त्याच्या मेहुण्याचा. बाकीच्यांशी बोलणं म्हणजे अर्धे मोडके शब्द आणि उरलेले हातवारे. पण ‘ना’ मात्र सगळ्यांनी उचलला होता, कारण तो वाक्याच्या शेवटी हमखास यायचा, आणि तो आला की काच उचलायची असते एवढं सगळ्यांना पाठ होतं. कारखाना असा त्या एका अक्षरावर चालला होता म्हणा ना!

आणि त्याच अक्षराने घात केला, असं सगळे म्हणत होते.

झालं असं, की एका दुकानाच्या दर्शनी भागासाठी भलीमोठी काच निघाली होती. अशी काच आडवी नेत नाहीत, उभी धरून नेतात. पुढे दोघं, मागे दोघं, प्रत्येकाच्या हातात काचेला चिकटणारी रबरी मूठ. पुढे पैलवान आणि टोपीवाला. मागे लांब्या आणि मेहुणा. मुकादम बाजूने चालत हुकूम सोडणार, हे नेहमीचंच. फाटकाकडच्या उतारावर आले आणि मेहुणा ओरडला, “दाजी, थांबा ना!” त्यासरशी लांब्याने स्वतःची मूठ सोडली आणि तो मेहुण्याच्या बाजूला धावला. काच कलली. फुटली नाही हे नवल, पण तिची सगळी कड मेहुण्याच्या डाव्या पावलावर उतरली.

लांब्या तिथेच मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. रडता रडता त्याने जे सांगितलं ते कळायला सगळ्यांना बराच वेळ लागला. त्याच्या भाषेत ‘ना’ म्हणजे घे, धर. आपल्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना म्हणतात. मुकादमाच्या तोंडचा ‘ना’ त्याला कामाचा ‘ना’ म्हणून ओळखीचा होता. पण मेहुण्याच्या किंकाळीतला ‘ना’ त्याला थेट आपल्या घरचा वाटला. त्याला वाटलं, हा आपली बाजू मला देतोय. म्हणून तो घ्यायला धावला.

मालक आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फर्मान काढलं. “आधी एक शब्द ठरवा. सगळ्यांना एकच अर्थ कळेल असा. तोवर मोठी काच जागची हलायची नाही.”

आता मेहुण्याचं. तो राहायला मुकादमाकडेच होता. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसायचा आणि मुकादमाशी चकार शब्द बोलायचा नाही. काही लागलं तर बहिणीमार्फत. “ताई, यांना सांग, पेपर वाचून झाला असेल तर इकडे द्या.” मुकादम हाताच्या अंतरावर, पेपर त्याच्याच मांडीवर! मग ताईने स्वयंपाकघरातून येऊन तो पेपर उचलायचा आणि भावाला द्यायचा, आणि जाताना नवऱ्याकडे असं बघायचं की मुकादमाला वाटावं, पाय आपला मोडला असता तर बरं झालं असतं.

एका सकाळी मेहुण्याने जाहीर केलं, अर्थात ताईलाच. “पाय बरा झाला की मी जाणार. मित्राचं फर्निचरचं दुकान आहे, लांब आहे, पण राहायची सोय होईल. काचेला आता हात लावायचा नाही मला.”

त्याची ताई आत जाऊन भांडी आपटू लागली. मुकादम मागोमाग गेला.

“एकुलता एक भाऊ माझा,” ती म्हणाली. “मी नको म्हणत होते. तुम्हीच घेऊन आलात. माझ्या हाताखाली राहील, कामाचा होईल, तुझ्या डोळ्यांसमोर राहील! झाला कामाचा? आता तो गेला ना, तर पुन्हा या घराची पायरी चढायचा नाही. मी ओळखते त्याला.”

“अगं, पण माझं काय चुकलं? तो शब्दाचा घोळ झाला.”

“मग निस्तरा की घोळ!”

एवढंच मुकादमाने मनावर घेतलं. घोळ शब्दाचा आहे, शब्द सुधारला की मेहुणा राहील. तो हिरिरीने कामाला लागला, आणि तिथून त्याचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

त्याने आधी पैलवानाला विचारलं, तुमच्यात ‘ना’ म्हणजे काय? पैलवानाने मान हलवली. नाही. नाही म्हणजे माहीत नाही, की ‘ना’ म्हणजे नाही? पैलवानाने पुन्हा मान हलवली. ‘ना’ म्हणजे नाही, हे कळेपर्यंत चहा थंड झाला. टोपीवाल्याने तर छातीवर बोट ठेवलं. त्याच्या भाषेत ‘ना’ म्हणजे मी. म्हणजे इतकी वर्षं मुकादम ‘उचला ना’ म्हणायचा तेव्हा हा गडी समजत होता की मुकादम स्वतःचंच काहीतरी कौतुक सांगतोय! काच पोचवणाऱ्या गाडीवाल्याच्या भाषेत ‘ना’ म्हणजे वर, टेबलावर वगैरे म्हणतात तसलं वर. आणि फाटकाशी चहा विकणारी, गिऱ्हाइकांपुरती मुकादमाची भाषा शिकलेली बाई हसून म्हणाली, तिच्या गावी ‘ना’ म्हणजे भाताचं शेत.

“शेत?” मुकादम म्हणाला. “शेताचा इथे काय संबंध?”

“संबंध मी कुठे म्हटलं? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं.”

घे, नाही, मी, वर, शेत. मुकादमाने कपाळाला हात लावला. ज्या अक्षरावर त्याने आयुष्यभर विश्वास टाकला ते असं दारोदार वेगवेगळ्या नावाने वावरत होतं, आणि याला पत्ता नाही! बरं, त्याची स्वतःची बायको ‘ना’ म्हणायची तेव्हा तरी त्याचा एक अर्थ होता का? जेवा ना, यात लाड. कळतं ना, यात दम. जाऊ द्या ना, यात तर काय काय होतं ते देवालाच ठाऊक. त्याने कानाला खडा लावला, आता ‘ना’ म्हणायचाच नाही. तर बोलणंच लंगडं झालं. “चला...” म्हणून तो तोंड उघडं ठेवून उभा राहायचा, आणि माणसं पुढचं अक्षर येईपर्यंत वाट बघत उभी. आठवडाभर कारखान्यात खिडकीची साधी काचसुद्धा वेळेवर हलली नाही.

मग त्याला एक कल्पना सुचली, आणि ती त्याला फार आवडली. कुणाच्याच भाषेत काहीच अर्थ नसलेला शब्द शोधायचा. अर्थच नाही तर घोळ कुठला?

जेवणाच्या सुट्टीत सगळे बसले. मुकादमाने पहिला शब्द टाकला, “लोम.” गाडीवाला खो खो हसला. त्याच्यात लोम म्हणजे भंगार. नवीकोरी काच उचलताना भंगार म्हणायचं? राहिलं. “खट.” टोपीवाला लालबुंद झाला आणि काही केल्या अर्थ सांगेना, म्हणून तोही गेला. मग पैलवान इतका वेळ गप्प होता तो अचानक उत्साहाने म्हणाला, “गू!”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लांब्याने मान डोलावली, त्याच्यात काही अर्थ नाही. टोपीवाल्याची हरकत नाही. गाडीवाल्याची नाही. चहावाल्या बाईने अंगठा वर केला. एकमताने ठरलं! मुकादमाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: मालक पाहुण्यांना घेऊन कारखाना दाखवताहेत आणि आपण आवारात मधोमध उभं राहून घसा फोडून ओरडतोय.

“नाही,” तो म्हणाला. “मेलो तरी नाही.”

“का?”

का ते कसं सांगायचं? त्याने नाक दाबलं, हातवारे केले. कुणाला वाटलं त्याचा दात दुखतोय. शेवटी चहावाल्या बाईला उमगलं आणि ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं.

असे किती शब्द आले आणि गेले याला गणती नाही. शेवटी सापडला एकदाचा. फुम. पैलवानाच्यात नाही, लांब्याच्यात नाही, टोपीवाल्याच्यात नाही, गाडीवाल्याच्यात नाही, कुणाच्या आईच्या, बायकोच्या भाषेतही नाही. मुकादम घरी आला तो तरंगतच.

“सापडला!” त्याने चप्पल काढता काढता सांगितलं. “फुम! जगात कुठे अर्थ नाही त्याला. आता कुणाचा पाय मोडायचा नाही.”

बायको ताट हातात घेऊन दारात आली. तिने भावाकडे पाहिलं. आणि मेहुणा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सरळ मुकादमाच्या तोंडाकडे बघून बोलला.

“मी त्या दिवशी काय म्हणालो होतो?”

“थांबा ना म्हणालास. तिथेच तर—”

“ना सोडा. त्याच्या आधी काय म्हणालो?”

“थांबा.”

“तिथे ‘थांबा’ कळणारी माणसं किती होती?”

मुकादम बोटांवर मोजायला लागला.

“दोन,” मेहुणाच म्हणाला. “त्यातला एक मी. आणि मी तर ओरडत होतो.”

मुकादमाला उतार आठवला. आठवला म्हणजे काय, विसरला कधी होता? गाडीवाला भोंगा वाजवत होता, उशीर झाला होता, आणि मागून मेहुण्याचा आवाज आला होता. स्वच्छ, आपल्या घरच्या भाषेत, ज्या भाषेत त्याला उभ्या आयुष्यात कधी घोळ झाला नव्हता. आणि त्याने मागे न बघता म्हटलं होतं, चल रे, झालंच.

“ऐकलं होतं मी,” तो म्हणाला. त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. “वाटलं, तुझी नेहमीची कुरकुर.”

“नेहमीचीच होती. मी नेहमी थांबा म्हणतो. तुम्ही नेहमी थांबत नाही. त्या दिवशी माझा हात सुटत होता, एवढाच फरक.” मेहुण्याचा आवाज चिरकला. “आणि तो लांब्या! रोज संध्याकाळी येतो, इथे दाराशी उभा राहून रडून जातो. त्याला कुणी काही दिलं तर तो घ्यायला धावला, एवढंच त्याने केलं. आणि तुम्ही गावभर फिरून शब्दाचे अर्थ गोळा करताय!”

“चुकलं माझं,” मुकादम म्हणाला. “पुरतं चुकलं.”

बायकोने ताट टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली. नवऱ्याची बाजू घ्यावी असं तिच्याकडे काही नव्हतं, आणि भावाला शांत करावं असंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने लांब्याला बाजूला घेतलं. चूक माझी, हे सांगायला दोघांच्यात शब्दच नव्हता. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग कानावर, मग मान हलवली. लांब्याला वाटलं, कामावरून काढताहेत. तो गपचूप हातमोजे काढायला लागला. मुकादमाने त्याचे हातमोजे त्याच्या हातात परत कोंबले, पुन्हा छातीवर हात मारला, आणि मग त्याच्याने राहवेना, डोळे पुसले. लांब्या गोंधळून बघत राहिला. त्याला किती कळलं कोण जाणे, पण त्या संध्याकाळी तो दाराशी आला तेव्हा रडला नाही. मेहुण्याने त्याला आत बोलावून खुर्ची दिली.

प्लॅस्टर निघालं. मेहुणा लंगडत कारखान्यात आला तो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नुसता निरोप घ्यायला. मोठी काच लाकडी घोडीला टेकून अजून तशीच उभी होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “ही तेवढी पोचवू. मागे मी आणि लांब्या. पुढे पैलवान, आणि तुम्ही.”

“मी?” मुकादमाने काच धरल्याला जमाना झाला होता. “मग हुकूम कोण देणार?”

“मी देतो.”

टोपीवाला फाटक उघडायला गेला. मुकादमाने मूठ घट्ट केली. मागून “फुम!” आलं, पैलवानाला हसू फुटलं, पण काच अलगद उचलली गेली. ते चालू लागले. मुकादमाला मागचं काही दिसत नव्हतं. समोर उतार, उघडं फाटक, गाडी. उताराच्या मध्यावर मागून आवाज आला.

“थांबा.”

मुकादम थांबला. त्याच्याकडे बघून पैलवान थांबला. पुढे वाट मोकळी होती, मधे काहीच नव्हतं. काय झालं? हात सुटतोय? पाय दुखतोय? की मन बदललं? विचारावंसं फार वाटलं. गाडीवाल्याने भोंगा वाजवला आणि लवकर या म्हणून हात केला. मुकादमाचे दंड थरथरायला लागले, घाम डोळ्यांत उतरला, आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मागे काय चाललंय ते त्याला काही केल्या कळेना. भोंगा पुन्हा वाजला. मुकादम काच धरून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने मेहुणा म्हणाला, “चला.”