खडूच्या पुडीतले ठसे

आठवड्यात तीन कोंबड्या गेल्यावर भाऊजी विषाची पुडी घेऊनच आले. "वहिनी, हे मुंगसाचंच काम. अंड्यात घालून ठेवतो, विषय संपला."

"मुंगूसच कशावरून?" न बघता कुणाचा जीव घेणं मला पटेना. शिवाय खरं सांगायचं तर, कोण येतं ते कळल्याशिवाय मला चैन पडली नसती. मी शिवणकाम करते. कापडावर खुणा करायचे खडू कुटले आणि खुराड्याभोवती पूड चाळून पसरली.

सकाळी चौथी कोंबडी गेलेली. आम्ही दोघं उकिडवे बसून ठसे बघायला लागलो. मुंगसाचेच होते, नखांसकट. भाऊजी खूश. पण ते ठसे सरळ दारातून आत शिरले होते, आणि दाराला कडी तर मी स्वतः घातली होती. त्यांच्याखाली, आधी उमटलेली, चपलेची खूण होती. डावी टाच झिजलेली.

मी पायरीवर बसलेल्या सासऱ्यांच्या पायांकडे बघितलं. चपलेला पांढरी पूड लागली होती.

"पहाटे मीच दार उघडतो," ते म्हणाले. "त्यांना असं कोंडलेलं बघवत नाही गं."

भाऊजी गुपचूप पुडी खिशात घालायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. "आता ही कुणाला घालायची, तेवढं सांगून जा."