करंगळीची खबर

मी सटवाजी दलालाच्या उजव्या हातातला मज्जातंतू बोलतोय. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण ओळखता. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो माझ्यातून जातो. लोक मला शीर म्हणतात. म्हणोत. शिरेतून रक्त वाहतं, माझ्यातून खबर जाते.

मानेतून निघतो, कोपरामागून वळतो, करंगळीत संपतो. शेजारच्या बोटाची अर्धी बाजूही माझीच. बोटाला काय लागलं ते मेंदूला कळवायचं आणि मेंदूचा हुकूम खाली आणायचा, एवढंच माझं काम. पदरचं काही घालायचं नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या धन्याला भर बाजारात चोर म्हटलं गेलं.

सटवाजी अहमदपूरच्या बैलबाजारात दलाली करायचा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा उपरण्याखाली दलालाचा हात धरतो आणि बोटं दाबतो. हजाराचा आकडा आधी ठरलेला असतो, वरचे शेकडे बोटांवर. एक बोट म्हणजे शंभर. भोवतीचे लोक नुसती उपरण्याची हालचाल बघत राहतात. न बघता वाचायचं काम ते, आणि वाचणारे आम्ही.

मग काय बिघडलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. लातूर नवा जिल्हा झाला ते दिवस. पाट्या रंगवून झाल्या, पेढे वाटून झाले. पाऊस मात्र दुसऱ्या सालीही आला नाही. सटवाजीच्या कोपराखाली एक फिकट चट्टा उठला. खाजेना, दुखेना, तिथं घामही येईना. ‘उन्हानं झालं असंल,’ म्हणून त्यानं बाही खाली ओढली.

करंगळीला कुणी हात लावलेला नसायचा, तरी तिकडून मुंग्या यायच्या. मी त्या वर पाठवायचो. मेंदू विचारायचा, काय आहे? मला काय ठाऊक! पुढं मुंग्याही थांबल्या. बोटं मुकी झाली की मी बहिरा झालो? कळेना. मला कान असते तर कुणीतरी त्यात बोळे घातले म्हणालो असतो.

अशात कस्तुराबाई नावाची शेतकरीण चारा संपला म्हणून आपली बैलजोडी विकायला बाजारात आली. उदगीरच्या चंद्रप्पानं सटवाजीचा हात उपरण्याखाली धरला. त्यानं चार बोटं दाबली. वर तीनच पोचली.

“मावशे, वरचे तीन,” सटवाजी म्हणाला. ती कुरकुरत हो म्हणाली. पण एरवी दलालाच्या हातून जाणाऱ्या नोटा चंद्रप्पानं त्या दिवशी थेट तिच्याच हातात ठेवल्या, आणि शंभराची एक नोट जादा निघाली.

“ह्यो तर तीन म्हनला की रं!”

“चार दाबले म्या,” चंद्रप्पा भडकला. “का रे सटवाजी, एक बोट कुठं गिळलंस?”

“तीनच हुते, अप्पा. लेकराची शप्पथ.”

“शप्पथ नगं, बोटं मोज!” कुणीतरी मागून ओरडलं, आणि माणसं हसली. लगेच जुने सौदे निघाले. माझ्या गाईचं काय, माझ्या वासराचं काय. इतकी सालं हा मधलं मारत होता म्हणायचं!

तो घरी आला. जेवताना त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, त्याचा हात धरला. “आवं, ह्यो फोड कशाचा?” चहाच्या गरम पेल्यानं करंगळी भाजली होती. सटवाजीला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

दोघं एसटीनं लातूरला गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. मग कोपरामागं मला चाचपलं. मी दोरीसारखा जाड झालो होतो.

“हा कुष्ठरोग आहे. गोळ्या नेमानं घेतल्या की बरा होतो.”

“म्हंजी रगतपिती?” सरजाबाई म्हणाली.

“जंतूचा रोग आहे, बाई. पाप-शाप काही नाही. ताट-अंथरूण वेगळं करायचं नाही.”

“बोटाचं काय?” सटवाजीनं विचारलं.

“काही जाणीव परत येईल, काही येणार नाही. लवकर यायला हवं होतं.”

परतीच्या एसटीत सरजाबाई हळूच म्हणाली, “चोर तर चोर म्हनू द्या. चोरी लोक इसरतेत. ह्यो रोग न्हाई इसरत.”

“चोराच्या पोरीला स्थळ येतंय व्हय?”

“आन् रगतपित्याच्या?”

त्यानं बाही पुन्हा खाली ओढली. मला काहीच उमजेना. इकडं चोरीचा आळ, तिकडं रगतपितीचा शब्द. दोन्हीच्या मधे मी, सुजलेला.

पुढच्या बाजारी सटवाजी गर्दीत उभा राहिला. बाही वर केली आणि बाभळीचा काटा करंगळीत टोचला. रक्त आलं, पण त्याचा चेहरा हलला नाही.

“बगा. ह्ये बोट मेलंय. त्या दिशी तुमी दाबलेलं मला कळलंच न्हाई, अप्पा. लातूरच्या डाक्टरनं सांगितलं. रगतपिती हाय. गोळ्या चालू हायत.”

माणसं मागं सरली. चंद्रप्पानं आपला तळहात धोतराला पुसला. आठवड्यामागचा स्पर्श तो आता पुसत होता!

कस्तुराबाई मात्र जागची हलली नाही. “मंग चोर न्हाईस म्हन की. बरं झालं. तोंडानं बोलत जा आता. हात कशाला लागतुय भाव सांगाया?”

तेव्हापासून सटवाजी भाव मोठ्यानं बोलतो. विकणाऱ्यांना ते आवडतं. बाकीच्या दलालांना नाही. ‘रोगी’ म्हणून आरडाओरडा त्यांनीच जास्त केला, आणि का केला ते सांगायला नको. हॉटेलवाला त्याला चहा करवंटीत देतो. एका मास्तरांनी तर त्याच्या पोरीला शाळेत शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. गोळ्या सुरू झाल्यावर रोग पसरत नाही, हे त्यांनी पोरांना शिकवायचं, की माझ्यासारख्या सुजलेल्या तंतूनं त्यांना? जंतूनं एक करंगळी घेतली. बाकीचा माणूस तुम्ही घ्यायला निघालात.

तुमच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, न घामेजणारा चट्टा असेल तर बाही खाली ओढू नका. दवाखान्यात जा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब आमच्याकडं चालत नाही.

माझी सूज उतरली आहे, पण मी पूर्वीचा राहिलो नाही. परवा पाऊस झाल्यावर कस्तुराबाई बाजारात गोऱ्हा घ्यायला आली. गोऱ्ह्याचे दात बघायला म्हणून तिनं सटवाजीला हाताला धरूनच ओढलं.

“मावशे, हात सोड. लोक बगतेत.”

“बगू दे की! त्येंच्या बापाचा हात हाय का?”

किती तरी दिवसांनी करंगळीकडून काहीतरी आलं. गरम की गार, दाबलं की नुसतं टेकवलं, मला समजलं नाही. जे आलं ते मी तसंच वर पाठवलं: कुणीतरी धरलंय.