पुसलेली अकरा मिनिटं

मित्रांनो, ओळखलंत का मला? नसेल ओळखलं तर तुमचा दोष नाही. माझ्या जातीचं आता कोणाच्या घरी फारसं कोणी उरलेलं नाही. मी एका शाळेतला जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगाने चौकोनी, रंगाने काळा, वर उचलायची कडी आणि पुढे सहा बटणं. त्यातलं एक लाल. ते दाबलं की मी समोरचा आवाज कॅसेटवर भरून घेतो. पण आधी तिथे जे असेल ते पुसून टाकतो. दोन्ही कामं एकाच वेळी करतो, हा माझा स्वभावच आहे.

कारखान्यात एका लांब टेबलाशी बायका ओळीने बसत. एकीने माझ्यात मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला, तिसरीने कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. मग दुकान, आणि तिथून थेट शाळा. पहिली काही वर्षं मी कवायतीचं संगीत वाजवलं, बक्षीस समारंभात भाषणं ऐकली. भाषणं ऐकून कंटाळा येतो, पण यंत्राला जांभई देता येत नाही.

मग सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला मागून घेतलं आणि माझं नशीब उघडलं.

बाईंचा आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायचा. "व्ही म्हणताना खालचा ओठ दातांना टेकवा, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू करा," असं त्या सांगत आणि वर्गात एकदम चाळीस चंबू होत. कविता तर त्या अशा वाचत, की शब्दाचा अर्थ न कळलेलं मूलही मान वळवून ऐकायचं.

एका वर्षी बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन करावंच लागेल. आवाज पूर्वीसारखा राहील असं मात्र धरून चालू नका."

बाई त्या दिवशी मला उचलून घरी घेऊन गेल्या. पंधरा दिवस, रोज शाळेतून आल्यावर, स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी वर्षाचे सगळे धडे, कविता, शब्दार्थ आणि व्याकरण माझ्यासमोर वाचलं. बटणं दाबायचं काम त्यांच्या यजमानांकडे होतं. दाराबाहेर सासूबाईंचा पहारा असे. "सूनबाई शिकवतेय, गप्प बसा रे!" असं नातवंडांना त्या इतक्या जोरात बजावत, की तिसऱ्या कॅसेटवर धड्यापेक्षा त्याच जास्त ऐकू येतात. अशा बारा कॅसेट झाल्या. तेराव्या दिवशी वाचता वाचता बाई थांबल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "ही कविता पुन्हा भरून घेऊ. मघाशी माझं लक्ष नव्हतं." ती कविता भरतीची वाट पाहणाऱ्या एका छोट्या होडीची होती. दुसऱ्यांदा त्यांनी ती जशी वाचली, तशी मी पुन्हा कधीच ऐकली नाही.

दोन महिन्यांनी बाई शाळेत परतल्या. गळ्याला रुमाल, हातात खडू. फळ्यावर लिहीत, टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करून लक्ष वेधून घेत, आणि बोलायचं काम मी करायचो. मुलं बाईंकडे बघत आणि मला ऐकत. पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटलं, मग सवय झाली.

एक गोष्ट मात्र मुलांना ठाऊक नव्हती. बाईंना थोडासा आवाज परत आला होता. जाडाभरडा, घोगरा, दोनतीन शब्दांपुरता. एकदा रिकाम्या वर्गात त्यांनी कोरी कॅसेट घालून लाल बटण दाबलं आणि माझ्यासमोर एक वाक्य म्हटलं. मग ते लावून ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ते लगेच पुसून टाकलं आणि वर्गात त्या गप्पच राहिल्या.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला 'घाई' म्हणत. प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असे, आणि स्वल्पविराम, पूर्णविराम तिच्या वाचनात गाडीखाली चिरडल्यासारखे जात. होडीच्या कवितेवर तिचा फार जीव होता. आपल्याला ती बाईंसारखी वाचता येते का, हे तिला ऐकायचं होतं. म्हणून एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती मागे थांबली. घरून कोरी कॅसेट आणली होती, पण ती दप्तरातच राहिली. माझ्या पोटात बाईंची कॅसेट होती, तीही नेमकी होडीच्या कवितेपाशी. घाईने लाल बटण दाबलं आणि घसा खाकरला. तेवढ्यात बाहेर बादलीचा आवाज आला. ती दचकली आणि मागच्या दाराने पसार झाली. मी तसाच चालू राहिलो. कॅसेट संपेपर्यंत. अकरा मिनिटं.

मित्रांनो, त्या अकरा मिनिटांत मी काय काय पुसलं हे मला कळत होतं. पण मला स्वतःला थांबवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सुरू केलं. त्यांचा आवाज कवितेचं नाव सांगून गेला, आणि मग एक खाकरणं, धावती पावलं, थोडी शांतता आणि झाडूची खसखस. पाठोपाठ शिपाईकाकांचा आवाज : "बाकाखाली कागद, बाकावर कागद! आणि मोठे साहेब म्हणतात, काका, वर्ग आरशासारखा पाहिजे. त्यांनी एकदा वाकून बघावं म्हणजे कंबर कशी बोलते ते कळेल!"

वर्ग हसून लोटपोट झाला. आवाज ऐकून मोठे साहेब, म्हणजे मुख्याध्यापक, दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनीही सगळं ऐकलं. हसत नव्हत्या फक्त दोघी. एक बाई, आणि दुसरी घाई.

शिपाईकाकांना तिथेच बोलावलं गेलं.

"बटण तुम्ही दाबलंत?"

"नाही साहेब, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग आवाज तुमचा कसा? बाईंचं हे वाचन आता परत मिळणार आहे का? उद्या लेखी खुलासा द्या. आणि वर्गांच्या किल्ल्या उद्यापासून कार्यालयात ठेवायच्या."

सव्वीस वर्षं त्या किल्ल्या काकांच्या कमरेला होत्या. काकांनी जुडगा कमरेचा सोडला.

दोन दिवस घाईने वर्गात एकदाही हात वर केला नाही. तिसऱ्या दिवशी व्याकरणाचा तास होता. बाईंनी दुसरी कॅसेट लावली आणि मी त्यांचा आवाज सोडला : "आज ॲक्टिव्ह व्हॉइस आणि पॅसिव्ह व्हॉइस. मुलांनो, कर्ता लपवायचा असला की पॅसिव्ह फार सोयीचा. 'द विंडो वॉज ब्रोकन.' खिडकी फोडली गेली. कोणी, ते विचारायचं नाही! मराठीत तर आपण याहून हुशार. 'खिडकी फुटली' म्हणतो, जणू तिला स्वतःलाच फुटायची हौस होती. तर आता अशा वाक्यांतला कर्ता शोधून त्याला पुढे आणा."

हे बाईंनी ऑपरेशनच्या आधी, स्वयंपाकघरात बसून म्हटलेलं. तेव्हा त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण घाई उभी राहिली.

"बाई, मी एक वाक्य सांगू? 'द टेप वॉज इरेज्ड.'"

ती एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश.

"याचं ॲक्टिव्ह... 'आय इरेज्ड द टेप.' काकांनी नाही. मी."

बाईंनी फळ्यावर तिचं दुसरं वाक्य लिहिलं, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि तिचा हात धरून कार्यालयात नेलं. वाटेत त्यांनी मलाही कडीला धरून उचललं. पुरावा म्हणून की आधार म्हणून, कोण जाणे.

घाईने साहेबांसमोर सगळं सांगितलं. कोपऱ्यात शिपाईकाका उभे होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं पोरी! मला वाटलं झाडूचा दांडा लागला असेल. मी तसं लिहूनही दिलं की!"

साहेबांनी तो कागद खणातून काढला, फाडला, आणि स्वतः उठून किल्ल्या काकांच्या हातात दिल्या. "कंबर कशी आहे?" असंही विचारलं. काका लाजले.

आता पुसलेली कविता भरायची कोणी? बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'जिने पुसली तिने.' मग नऊ दिवस मधल्या सुट्टीत शिकवणी चालली. कुठल्या शब्दावर भार द्यायचा ते बाई टेबलावर टकटक करून दाखवत. विराम आला की घाईच्या खांद्यावर बोट टेकवत, आणि बोट उचलेपर्यंत पुढे जायचं नाही.

दहाव्या दिवशी वर्ग भरला होता. बाईंनी लाल बटण दाबलं आणि मी सुरू झालो. घाई छान वाचत होती. पण भरती येऊन होडी हलते त्या ओळीला तिला राहवेना, ती पुन्हा सुसाट निघाली. बोट खांद्यावर पोचायच्या आधीच बाईंच्या तोंडून निघून गेलं,

"हळू!"

घोगरा, खरखरीत शब्द. बाईंनी झटकन तोंडावर हात ठेवला. चाळीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. कोणी हसलं नाही. घाईने मान हलवली, श्वास घेतला आणि उरलेली कविता हळू वाचली. ती संपल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, तुम्हाला बोलता येतंय!" आणि बाई रडत रडत हसल्या.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन चिमुकले कान असतात. ते मोडले की तिच्यावरचं मला कधीच पुसता येत नाही. बारा कॅसेटपैकी एकीचेही कान बाईंनी आजवर मोडले नव्हते. आवाज परतला की सगळं पुन्हा चांगलं भरू, अशी त्यांची आशा होती. त्या दिवशी त्यांनी खडूच्या डबीतली टाचणी घेतली आणि घाईच्या कवितेत स्वतःचं 'हळू!' भरलेल्या या कॅसेटचे दोन्ही कान मोडून टाकले.

त्यानंतर बाई वर्गात रोज चार शब्द जास्त बोलू लागल्या. उरलेलं मुलं वाचत. माझं काम कमी कमी होत गेलं आणि एके दिवशी मी कपाटात गेलो. माझा रबरी पट्टा आता सैल झाला आहे. खरं सांगतो, मला फेकलं किंवा विसरलं असं कधी वाटलं नाही. बाईंना माझी गरज उरली नाही, याहून चांगलं माझं काय व्हायचं होतं?

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरात कोणाचा आवाज बसला असेल, कापत असेल, घोगरा झाला असेल, तर ते माणूस बोलताना मध्येच त्याचं वाक्य पुरं करू नका. त्याला वेळ लागतो. तेवढं थांबा.