हरलेल्याने आणायचं सरबत

सॅमन होता. त्याच्यासोबत काय करायचं, यावर घोडं अडलं होतं.

आदल्या संध्याकाळी लेकीने, ग्लेंडाने, तो बॉस्टनहून बर्फात घालून आणला होता, चांगला हातभर लांब. आता विनिफ्रेड थर्लोच्या शेगडीवर माशाच्या लांबट भांड्यात तो मलमलीत गुंडाळून पडला होता. पाण्यात कांदा, तमालपत्र आणि चार मिरे होते. विनी आच कमीजास्त करत भांड्यावर नजर ठेवून उभी होती. पाणी उकळू द्यायचं नसतं, नुसतं थरथरू द्यायचं असतं. पूर्वी हा मासा तिचा नवरा मेरिल नदीतून धरून आणायचा, कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून. नदीतले सॅमन गेले, पाठोपाठ या मार्चमध्ये मेरिलही गेला. चार जुलै, देशाचा स्वातंत्र्यदिन, मात्र न चुकता आला होता.

"ॲस्पॅरगस करूया," लेक म्हणाली.

"ती मे महिन्यातली भाजी. आता काय काड्या चघळायच्या?"

"मग काकडी. पातळ चकत्या, वर शेपू."

"काकडी चहाबरोबर."

"बरं, भात?"

विनीने आच आणखी बारीक केली. जगात कितीतरी ठिकाणी मासा आणि भात ही देवाने जुळवलेली जोडी असेल, पण मेन राज्यात चार जुलैच्या सॅमनबरोबर भात मागणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. आणि ग्लेंडा तर याच घरात, याच टेबलाखाली रांगलेली.

"सोबत काय असतं ते तुला चांगलं ठाऊक आहे," विनी शेवटी म्हणाली. "नवे बटाटे, उकडलेली अंडी घातलेला पांढरा सॉस आणि मटार."

"अगं आई, मटार आहेत कुठे? दुकानात गोठवलेले मिळतात, मी पाच मिनिटांत..."

"तुझ्या बापाच्या टेबलावर? पुडीतले?"

ग्लेंडाने आणलेली पांढऱ्या वाइनची बाटली फ्रीजमध्ये होती. त्या बाटलीचं नाव काढायची तर तिची छातीच झाली नाही.

मटार कुठे आहेत ते विनीला ठाऊक होतं. रस्त्यापलीकडे, एव्हरेट पिंकमच्या वाफ्यात. खिडकीतून साध्या डोळ्यांना नुसती हिरवी भिंत दिसायची.

एव्हरेट तिच्या आणि मेरिलच्या शाळेतला. त्याची बायको अडेला तरुणपणीच गेली आणि त्यानंतर तो माणूस कुणाकडे जेवायला जाईनासा झाला. नाताळला बोलवा, थँक्सगिव्हिंगला बोलवा, उत्तर ठरलेलं: "घरी कामं आहेत." कामं कसली, डबे उघडून उभ्याउभ्या खायचा. पुढच्याच वर्षी मेरिलने एक पैज काढली. एप्रिलमध्ये, सावलीतला बर्फ वितळायच्या आत, दोघांनी मटार पेरायचे. ज्याच्या शेंगा आधी भरतील त्याने मूठभर शेंगा घेऊन रस्ता ओलांडायचा आणि दुसऱ्याच्या पायरीवर ठेवायच्या. चार जुलैचं जेवण जिंकलेल्याच्या टेबलावर. हरलेल्याने सरबत करून आणायचं आणि निमूट बसून दुसऱ्याचे मटार खायचे.

सरबत म्हणजे आजोबांच्या काळचं, गवत कापणारे प्यायचे ते. गार पाण्यात काकवी, सुंठ आणि व्हिनेगर. एव्हरेट व्हिनेगर असं ओतायचा की पहिल्या घोटाला मेरिलचे डोळे मिटायचे. पण घोट गेला की मेरिल टेबलावर हात आपटायचा, "हरलेल्या माणसाची चव आहे बघ याला!" एव्हरेट खाली मान घालून बटाटे सोलत बसायचा. दरवर्षी हेच. कारण दरवर्षी मेरिलच जिंकायचा.

जिंकण्यासाठी तो काय वाट्टेल ते करायचा. जून लागला की सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीत उभा राहायचा. खिळ्याला टांगलेली दुर्बीण काढायची, रस्त्यापलीकडे रोखायची आणि जाहीर करायचं, "पिंकमच्या शेंगा अजून चपट्याच!" त्या दुर्बिणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "तुला नाही दिसायचं यातून," असं म्हणून विनीला तो झटकून टाकायचा. आणि मग एखाद्या दिवशी अचानक घाई सुटायची. शेंगांत जेमतेम दाणा धरलेला असायचा तरी हा खुडून पळालाच. सोलायला विनी. टाचणीच्या डोक्याएवढे ते दाणे बघून ती चिडायची.

"दोन दिवस थांबला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"थांबून चालणार नव्हतं," तो म्हणायचा.

हट्टी माणूस. त्याच्याशिवायचं घर कसं भकास झालं होतं. त्याच्या खुर्चीत मांजरसुद्धा बसत नव्हतं.

या वर्षी विनीने मटार पेरलेच नव्हते. थंडीत गेलेल्या माणसाला इकडे पुरण्यासाठी गोठलेली जमीन सैल होईपर्यंत थांबावं लागतं. ज्या आठवड्यात मटार पेरायचे, त्याच आठवड्यात मेरिलला मातीत ठेवलं. एव्हरेट आला होता, टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. त्यानंतर त्याने रस्ता ओलांडला नव्हता. मटार त्याने पेरले होते, पण पायरीवर शेंगा आल्या नाहीत. मेलेल्या माणसाला हरवून पायरीवर शेंगा ठेवायच्या म्हणजे काय, हे विनीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. आज तो जेवायला आला नाही तर पुढच्या वर्षीही येणार नव्हता. म्हणजे मेरिलबरोबर हे जेवणही पुरलं, असंच झालं असतं.

"मग सरळ बोलाव ना त्यांना," ग्लेंडा म्हणाली.

"बोलावून तो कधी आलाय? तो यायचा हरला म्हणून."

हे बोलून विनी थबकली. मटार नाहीत ही एक गोष्ट झाली. पण पैज तर दरवर्षी लागलेलीच असायची, ती कुणी मोडली नव्हती. एकाने पेरले, एकाने पेरलेच नाहीत. मग हरलं कोण?

"आच बारीक ठेव," ती लेकीला म्हणाली. "उकळी आली तर तुझी खैर नाही."

तिने फडताळातून काकवीची बरणी काढली. सुंठ, व्हिनेगर, विहिरीचं गार पाणी. थर्लोंच्या घरात हे सरबत कधी झालं नव्हतं, कारण थर्लो कधी हरले नव्हते. ढवळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं. 'मेरिल गेला' हे ती मार्चपासून शंभर जणांना सांगत आली होती. 'मेरिल हरला' हे आज पहिल्यांदाच कबूल करत होती. दुसरं जास्त जड गेलं.

सुरई घेऊन तिने रस्ता ओलांडला. एव्हरेट मागच्या पायरीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, करण्यासारखं काहीच नसलेल्या माणसासारखा. तिच्या हातातली सुरई बघून तो उठून उभा राहिला.

"हे काय, विनी?"

"दिसत नाही? आम्ही हरलो. आण तुझे मटार."

त्याने सुरई घेतली. तोंडाला लावून घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"व्हिनेगर कमी पडलंय," तो म्हणाला.

"पहिलीच खेप आहे माझी. सवय नाही."

दोघं वाफ्याकडे गेले. जवळून बघितल्यावर विनीला धक्काच बसला. खालच्या शेंगा फिक्या पडून सुरकुतल्या होत्या. केव्हाच्या भरून, निबर होऊन गेल्या होत्या. वरच्या तेवढ्या चांगल्या होत्या.

"एव्हरेट, अरे, हे कधीचे झालेत?"

"दरवर्षी असेच होतात. तुमच्या आधी. माझी बाजू उन्हाची आहे ना." त्याने एक शेंग उगाचच खुडली. "जिंकलो असतो तर जेवण इथे करावं लागलं असतं. इथे कोण करणार? आणि तुमच्याकडे बोलावल्यावर यायचं तर... मला नाही जमत ते, विनी. हरल्यावर कसं, यावंच लागतं." मग घाईने म्हणाला, "मेरिलला नाही कळलं कधी. बिचारा इतका खूश व्हायचा. त्याला कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "जिंकलेल्याच्या टेबलावर जेवण. तू वरच्या शेंगा खुड आणि टेबल पूस. मासा मी घेऊन येते."

घरी ग्लेंडा मासा मलमलीतून सोडवत होती. मऊ, गुलाबी, अखंड. न उकळता शिजला होता, पोरगी विसरली नव्हती. "तिकडे न्यायचं सगळं," विनी म्हणाली. "बटाटे, सॉस, सगळं. आणि ती तुझी वाइनही घे, रात्री तुझा नवरा-पोरं आली की उघड. आधी सरबत."

आणि सॉसचं भांडं उचलताना तिची नजर खिडकीजवळच्या खिळ्यावर गेली.

दुर्बीण मेरिलने टांगली होती तशीच होती. विनीने ती काढली, डोळ्यांना लावली. आधी धूसर, मग कडं फिरवलं तसं सगळं ढळढळीत. एव्हरेट वेलीजवळ वाकलेला. त्याच्या शर्टाचं एक बटण दुसऱ्या रंगाचं. त्याच्या हातातली शेंग, तिच्यातले दाणे मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. आणि खाली त्या फिक्या, सुरकुतलेल्या शेंगा, एक न् एक.

'पिंकमच्या शेंगा अजून चपट्याच!' दरवर्षी, याच खिडकीत, कॉफीचा कप हातात धरून. आणि मग ती घाई. टाचणीच्या डोक्याएवढे दाणे. थांबून चालणार नव्हतं, कारण पलीकडच्या शेंगा वाळायला लागलेल्या दिसत होत्या.

"आई, हसतेस का रडतेस?" ग्लेंडाने विचारलं.

"धर, मासा धर," विनी म्हणाली.

माशाच्या भांड्याला दोन बाजूंना दोन कड्या. मायलेकींनी ते मधे धरून रस्ता ओलांडला. कुणाची तरी गाडी आली ती थांबून राहिली, आतल्या माणसाने टोपी काढली.

एव्हरेटने टेबल इतकं घासलं होतं की लाकूड ओलं होतं. ताटल्या तीन प्रकारच्या होत्या. त्याच्या शेगडीवर विनीने मटार नुसते वाफवले, लोणी घातलं. दाणे टपोरे होते, जरासे पिठूळ. सॅमनचा तुकडा, वर सॉस, कडेला बटाटे आणि मटार. सगळं जिथल्या तिथे. पेल्यांत काकवीचं सरबत.

तिघं जेवायला बसली. मग एव्हरेटने काटा खाली ठेवला.

"विनी, खरं सांग. तो रोज त्या दुर्बिणीतून बघायचा. त्याला नक्की काही कळलं नव्हतं ना?"

ग्लेंडाने आईकडे पाहिलं. विनीने पेला उचलला, मोठा घोट घेतला. व्हिनेगर खरंच कमी होतं, पण डोळे मिटायला तेवढं पुरलं.

"छे रे," ती म्हणाली. "आत्ताच बघून आले मी. त्या दुर्बिणीतून काही म्हणजे काही दिसत नाही."