मित्राकडची सायकल

फिटरने चांदीच्या कागदाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवला आणि सायकलच्या दांडीवर घासायला सुरुवात केली. तपकिरी ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला. बोळ्याखाली आधी काळपट, मग राखाडी, आणि शेवटी नखाएवढा क्रोम चमकला.

शेडच्या दारात त्याची धाकटी लेक उभी होती. तळ्यातला गाळ उपसताना ही सायकल यंत्राच्या दातात अडकली होती. दांडीवर कोरलेलं आडनाव वाचून यंत्रवाल्याने निरोप धाडला, आणि बापलेकीने उजाडताच ती पोत्यात गुंडाळून हातगाडीवरून आणली होती.

"आईला काय सांगायचं?" धाकटीने विचारलं.

"मित्राकडे पडून होती. जाताना थोरला ठेवून गेला होता."

"कुठल्या मित्राकडे?"

"असेल कुणीतरी. नाव घेऊ नकोस, म्हणजे चुकणार नाहीस."

थोरला मुलगा काम शोधायला म्हणून या सायकलवरून निघाला, त्याला बरीच वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. आई मात्र शेजारीपाजारी सांगायची, लांब असतो, सवड मिळत नाही, पण खुशाल आहे. ऐकणारे माना डोलवायचे. हळूहळू फिटरही डोलवायला लागला होता.

वरवरचा गंज निघाला. पुढच्या चाकाच्या चिमट्याजवळ मात्र गंजाने क्रोम खाऊनच टाकला होता. घासलं की डाग जायचा आणि खाली खड्डा उरायचा. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात, हे त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलं होतं. आता त्याने तीच उचलली.

"बाबा, पुरे. याहून नाही निघणार."

"निघेल. नाहीतर सांगू, मित्राच्या अंगणात पावसात भिजली."

"कसली घासाघाशी चाललीय बापलेकीची?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. फिटरने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले.

"दादाच्या मित्राने आणून दिली," धाकटी घाईघाईने म्हणाली.

आई जवळ आली. तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा तिने दांडीवरून हात फिरवला. खड्ड्यांपाशी बोटं थबकली. सीट काढून ठेवलेली होती. तिने उघड्या नळीत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला करडा, चिकट गाळ लागला होता. तिने तो नाकाशी नेला.

"तळ्यातली ना?"

फिटरने घासणी खाली ठेवली.

"आणि तो?"

"अजून काही सापडलं नाही," फिटर म्हणाला. "उपसा चालू आहे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

त्याने सायकलकडे पाहिलं. "म्हटलं, तुला कळू नये. तू एवढ्या विश्वासाने सगळ्यांना सांगतेस..."

"मी?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, तो गेल्यावर तुम्ही जेवत नव्हता. खुशाल आहे म्हटलं, तेव्हा दोन घास खाल्लेत. म्हणून सांगत राहिले."

नळावर तिने बोट धुतलं, पदराला पुसलं आणि पायात चपला सरकवल्या. फिटर उठायला गेला, पण गुडघे धरले होते. तिने हात पुढे केला. तो धरून तो उठला आणि उभा राहिल्यावरही त्याने तो सोडला नाही. दोघं तळ्याच्या वाटेला लागली. धाकटीने शेडचं दार ओढून घेतलं आणि त्यांच्या मागून निघाली.