नावाडी पुढे काय म्हणतो?

मी एकशे त्रेचाळीस क्रमांकाची कादंबरी बोलत आहे. आरंभीच सांगून ठेवते की, वाचकांवर माझा फारसा विश्वास नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. सन १९२६ मध्ये आगबोटीने दिघी बंदरात उतरून, पुढे बैलगाडीने मी बोर्ली पंचतनच्या वाचनालयात दाखल झाले. चिटणीस रावजी यांनी मला खाकी वेष्टण चढविले, शिक्का मारला आणि माझी पाने मोजली. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पाने ते मोजीत. संशय घेण्याची सवय मला त्यांच्याकडूनच लागली.

माझ्या कथेत एक नावाडी आहे. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी तो उतारूंना म्हणतो, "कपाळावरचे लिहिलेले कोणी वाचलेले नाही, मग वाचल्यासारखे का वागता?"

एवढेच ते वाक्य. रावजींनी ते वहीत उतरविले आणि गणेशोत्सवातील व्याख्यानात सांगितले की, वाचता येत नाही म्हणूनच सारे देवावर सोपवावे. लाकडाचे व्यापारी धर्माजी असला मजकूर दिसताच पाच पाने एकदम उलटीत. नावाडी शेवटी बुडतो की तरतो, एवढीच त्यांची चौकशी. वाक्य माझे होते, अर्थ मात्र जो तो घरून घेऊन येई.

सन १९३१ मध्ये मी किराणा दुकानदार सदूच्या नावावर बाहेर गेले. बायकांनी वाचनालयाची पायरी चढू नये अशी गावाची रीत होती. त्यांना पुस्तक हवे असल्यास घरातील पुरुषाने आपल्या नावावर न्यावे. सदूने मला उघडलेसुद्धा नाही. मला वाचले ते त्याच्या धाकट्या बहिणीने, जनीने. चौथी इयत्तेपर्यंत ती शिकलेली. लग्नानंतर महिन्याभरात नवरा वारला, तेव्हा 'पांढऱ्या पायाची' ठरवून सासरच्यांनी तिला परत पाठविले होते.

त्या वाक्यापाशी ती तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी शिसपेन्सिलीने तिने समासात लिहिले, "माझे कोणी वाचले?"

मी परत येताच रावजींच्या नजरेला ती अक्षरे पडली; देवाच्या लिखितावरच शंका घेतली, असा अर्थ त्यांनी काढला. वाचनालयाच्या मंडळाची बैठक भरली आणि सदूला बोलावणे गेले. त्याच्यामागून जनीही आली व पायरीखाली उभी राहिली.

"सदू, तू नास्तिक झालास काय?" वयोवृद्ध सभासद येसाजी यांनी विचारले. "नारळी पुनवेला नारळबी वाहिला न्हाईस."

"तापानं पडलो होतो, तात्या. दुकानातले नारळ तर सगळे गेले."

"म्हंजे समुद्राला न्हाय, गिऱ्हाइकाला वाहिलेस."

सारे हसले. रावजी हसले नाहीत. "हे समासात कोणी लिहिले?"

"मीच."

"मग सांग, नावाडी पुढे काय म्हणतो?"

सदूने पायरीकडे पाहिले. सभासदांतून त्याचे नाव खोडले गेले, तर पुन्हा त्या घरात पुस्तक येणार नव्हते. पायरीखालून जनी बोलली, "काय म्हणत न्हाय, रावजीकाका. वल्हं हातात घेतो."

रावजींनी पान उलटले. तसेच होते. व्याख्यान देताना ते पान त्यांनी उलटलेच नव्हते.

"लिवलं मी," जनी म्हणाली. "दादाचं नाव काढायचं तर काढा, पण मग माझं लावा."

मंडळाने पहिले केले, दुसरे केले नाही. नास्तिकपणाचा संशय कोणाच्या मनातून गेला नाही; तो केवळ भावावरून बहिणीवर सरकला. मला कुलूपबंद कपाटात ठेवण्यात आले.

त्याला आता सात वर्षे झाली. रावजींनी खोडरबराने अक्षरे पुसली, तरी पेन्सिलीचा वळ कागदावर राहिला आहे. कधी दुपारी वाचनालय रिकामे असताना ते कपाट उघडतात, पाने मोजतात आणि त्या वळावरून बोट फिरवितात. त्यांना पश्चात्ताप होतो, की खूण पुरती गेली की नाही एवढेच ते पाहतात, हे मला कळत नाही. चांगले तेच मानावे, इतकी मी भोळी राहिलेली नाही.

वाचकहो, मला कधी बाहेर काढलेत, तर माझ्यात काय सापडले ते सांगू नका. ते तुमचे तुमच्यापाशी असू द्या. मला वाचणार कोण, तेवढे मात्र नोंदवहीत खरे लिहा.