खिडकीपाशी आठ विश्वस्त

आधीच सांगून ठेवते, मी रागीट बाई आहे. सव्वीस वर्षं व्यसनमुक्ती केंद्रातली कार्डं सांभाळली, नाकावर राग नसता तर केव्हाच वाट लागली असती. कोण दारूपायी आलं, कोण गोळ्यांपायी, कोण तिसऱ्यांदा आलं, सगळं माझ्या सात कपाटांत. समुपदेशकाची चिठ्ठी आणा, खिडकीतून कार्ड घ्या, संध्याकाळी परत करा. खोलीत पाऊल टाकायचं नाही, मग ते डॉक्टर का असेनात.

पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला शाखा निघाली आणि कार्डं स्कूटरवरून पळवावी लागायला लागली. तेव्हा सगळं ॲपवर घ्यायचं ठरलं. काम मिळालं माझ्या भाचीला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून. मी शिफारस-बिफारस केली नव्हती, उलट तोंड वाकडंच केलं होतं. सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक. शेवटी ॲप विश्वस्तांना चालवून दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला. माझ्या बहिणीचं घर या पोरीच्या जिवावर चालतं, त्यामुळे माझाही जीव त्यात अडकलेला.

तिनं मला एकदा नीट समजावलं होतं. ॲप म्हणजे नुसती खिडकी. कार्डं असतात मागे, डेटाबेसमध्ये, आणि तो असतो दूर कुठेतरी क्लाउडवर. दोघांची जोडणी झाली की काम चालतं. पण डेटाबेसकडे एक यादी असते. इंटरनेटच्या ज्या लाइनचा पत्ता त्या यादीत असेल, तिथून आलेल्यालाच तो दारात उभं करतो, पासवर्ड विचारतो त्यानंतर. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखीच एक खडूस बाई बसवलीस म्हण की तिथे.

तो दिवस उजाडला. सकाळी अकराला वरच्या सभागृहात आठही विश्वस्त हजर, मी मागे भिंतीला टेकून उभी. भिंगरीनं बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं आणि मग लाल अक्षरं आली, जोडणी नाकारली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

कारण तिला लगेच सापडलं. आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर नवी लाइन बसवली होती, आणि तिला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्यात नव्या लाइनचा पत्ता सारखा बदलत होता. एक यादीत घालावा, तर पुढच्या क्लिकला दुसराच. कायमचा पत्ता हवा तर इंटरनेटवाल्या कंपनीकडे अर्ज करा, दोन दिवस थांबा.

अध्यक्षांना कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं, आणि थोडं कळणाऱ्यांचा त्रास जास्त. ते म्हणाले, यादीच काढून टाका, कुठूनही येऊ दे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, पासवर्ड आहेच की.

"नाही साहेब," भिंगरी म्हणाली. "तेवढं मी करणार नाही. आत चार हजार माणसं आहेत."

मग आम्ही निर्णय कशावर घ्यायचा, असं त्यांनी विचारलं. आणि खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात म्हणत होते, कर गं बाई, दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय! मी, सव्वीस वर्षांची खडूस! पुढच्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं. जुनी लाइन कार्डांच्या खोलीत अजून चालू आहे ना, असं विचारलं. होती. तिचा डबा माझ्या टेबलाखालीच होता, आणि तिचा पत्ता यादीत होता. पोरीनं लॅपटॉप उचलला आणि जिना उतरली. तिच्या मागे मी, माझ्या मागे आठ विश्वस्त.

अध्यक्ष खोलीत शिरायला लागले. मी दारात हात आडवा धरला.

"साहेब, खिडकीतून."

क्षणभर वाटलं, आता माझीही नोकरी गेली. पण ते मागे सरले. आठही जण खिडकीपाशी दाटीवाटीनं उभे राहिले, बुटके होते ते टाचा उंचावून. भिंगरीनं केबल लावली, बटण दाबलं, आणि कार्ड उघडलं. ते खऱ्या कुणाचं नव्हतं, दाखवण्यापुरता एक खोटा पेशंट तिनं तयार केला होता. तिनं दुसऱ्या शाखेला फोन लावला. तिथल्या समुपदेशकानं त्याच कार्डावर एक ओळ लिहिली, आणि ती आमच्या डोळ्यांसमोर इथे उमटली. अगंबाई! मी सगळ्यांदेखत रडले. ऊर भरून आला तर काय करायचं?

सगळे वर गेले. एक विश्वस्त मात्र मागे रेंगाळले. खिडकीशी वाकून त्यांनी भिंगरीला हळूच विचारलं, सगळी कार्डं ॲपमध्ये तुम्हीच भरलीत?

"हो."

"वाचून?"

"वाचल्याशिवाय भरता येत नाहीत, साहेब. पण मी मावशीशीसुद्धा त्यातलं काही बोलत नाही."

ते जिना चढून गेले. अर्ध्या तासात चिठ्ठी आली, भिंगरी कायम झाली.

त्या विश्वस्तांचं कार्ड माझ्याकडे आहे. किती वर्षांपूर्वीचं, कोणत्या कपाटातलं, ते विचारू नका. त्या कपाटातली कार्डं भिंगरीनं तीन आठवड्यांपूर्वी ॲपमध्ये भरली. त्या संध्याकाळी दोघी घरी चालत निघालो, तेव्हा मी मुद्दाम खडा टाकून पाहिला, आज काही विशेष? ती म्हणाली, काही नाही गं, बोटं दुखली. खिडकीतलं तिचं उत्तर ऐकेपर्यंत मला वाटत होतं, पोरीनं नाव ओळखलंच नाही.